पण बाळाला झालं होतं तरी काय?

पुतण्याच्या चौदा महिन्यांच्या मुलाला पाच दिवस रुग्णालयात ठेवून सहाव्या दिवशी सकाळी घरी सोडलं. बिल भरून झालं, औषधं घेऊन झाली. सलाईनची सुई काढलेल्या इवल्याशा हातावर कापूस दाबून सूनबाई दारापर्यंत पोचलीही होती. तेवढ्यात आमच्या वहिनींनी, म्हणजे बाळाच्या आजीनं, काउंटरवरच्या तरुण डॉक्टरांना विचारलं, ‘‘डॉक्टर, पण बाळाला झालं होतं तरी काय?’’

‘‘छातीत इन्फेक्शन होतं, आजी. कार्डावर लिहिलंय ना.’’

‘‘ते वाचलं हो. पण कशाचं इन्फेक्शन?’’

‘‘व्हायरल. सध्या साथच आहे सगळीकडे.’’

वहिनींची सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेली. हजेरीपटावर नुसतं आडनाव लिहिलेलं त्यांना कधी चाललं नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, ‘‘भावजी, ‘व्हायरल’ हे आडनाव झालं. नाव काय त्याचं?’’

त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. बाळ घरी आलं होतं, खेळत होतं, दूध पीत होतं. नावाशी काय करायचंय? पण चारच दिवसांत त्या प्रश्नानं आमच्या घराचं दार ठोठावलं.

झालं असं की, रुग्णालयात पाचही रात्री बाळाजवळ वहिनीच होत्या. त्यांना मधुमेह आहे. घरी आल्यानंतर त्यांना थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आलं, खोकल्यानं झोप लागेना. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वय आणि साखर पाहून नाकाघशातला स्वॅब तपासायला पाठवला आणि अहवालाची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी अहवाल आला : इन्फ्लुएन्झा ‘ए’. आपण ज्याला फ्लू म्हणतो, तो.

वहिनी बऱ्या झाल्या. पण मी बाळाची फाइल पुन्हा काढून बसलो. रक्ताच्या तपासण्या दोनदा. छातीचा एक्स-रे. डेंग्यूची तपासणी. टायफॉइडची तपासणी. दिवसातून चार वेळा वाफ, दोन वेळा अँटिबायोटिकचं इंजेक्शन. सगळं होतं. पावसाळ्यात ताप, खोकला आणि धाप घेऊन आलेल्या मुलाच्या नाकात एक काडी घालून पाहिल्याची नोंद मात्र कुठं नव्हती. आणि आठवलं, बाळाच्या शेजारच्या खाटेवर चार वर्षांची एक मुलगी होती. जुलाब-उलट्यांसाठी आलेली. उद्या घरी जायचं म्हणून तिची आई पिशव्या भरत होती, आणि त्याच रात्री पोरीला सणकून ताप आणि खोकला सुरू झाला. तिचा मुक्काम वाढला. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो होतो, ‘‘हवाच खराब आहे.’’

हवा खराब होती की हवेतून काही येत होतं?

रुग्णालयाची तक्रार करायला मी हे लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बाळाला वेळेवर ऑक्सिजन दिला, रात्री-अपरात्री धावून आले. प्रश्न एका रुग्णालयाचा नाही, सवयीचा आहे. ती कशी पडली आणि मोडायची कशी, हे समजून घ्यावं म्हणून थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

मानमोडीचं खरं नाव

या रोगाचं नाव चुकण्याची परंपरा जुनी आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रोग्यांच्या कफात एक जंतू सापडला. हाच फ्लूचा कर्ता, असं त्यानं जाहीर केलं आणि त्या जंतूच्या नावातच इन्फ्लुएन्झा शब्द जाऊन बसला. पुढे १९१८ ची महासाथ आली. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि पावसाळा सरता सरता तिच्या दुसऱ्या लाटेनं देशभर हाहाकार उडवला. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसं गेली, असा अंदाज केला जातो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तिला ‘मानमोडी’ म्हणत. लोकांनी लक्षणावरून नाव ठेवलं होतं. डॉक्टरांकडे नाव होतं, पण ते चुकीच्या जंतूला दिलेलं.

खरा कर्ता १९३३ मध्ये लंडनला सापडला. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रोग्यांच्या घशातला स्राव गाळून, जंतू अडतील पण विषाणू निसटतील अशा गाळणीतून काढून, तो फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडला. फेरेट शिंकू लागले, तापले. कर्ता जंतू नव्हता, विषाणू होता.

हा इतिहास आजही घरोघरी घोटाळा करतो. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पाच रोगांवरची लस देतात, तिच्यातला एक भाग ‘हिब’. म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी. फायफरच्या जंतूचाच तो एक प्रकार. लसीच्या कार्डावर इन्फ्लुएन्झा शब्द वाचून कितीतरी आईबाप निर्धास्त असतात, ‘‘फ्लूची लस झालीय आमच्या बाळाची.’’ आमची सूनबाईही त्यांतलीच. हिबची लस उत्तम आहे, ती जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर टाळते. पण फ्लूशी तिचा काही संबंध नाही. फ्लूची लस वेगळी.

रांग लागली, रांग मोडली

पुणेकरांना तरी हे नाव परकं नसावं. २००९ चा ऑगस्ट आठवा. नवा ‘स्वाइन फ्लू’ मे महिन्यात हैदराबादमार्गे देशात आला होता. पण ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू नोंदला गेला तो पुण्यात, आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. बघता बघता शहराचा नूर पालटला. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद. मास्क मिळेनात तेव्हा लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. शिंक आलेला आणि न आलेला, दोघंही रांगेत. नमुने तपासायला आपल्याच गावात राष्ट्रीय विषाणू संस्था होती. १९५२ पासून पुण्यात असलेल्या या संस्थेचं नाव तेव्हा रिक्षावाल्यांनाही पाठ झालं.

वर्षभरानं, १० ऑगस्ट २०१० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ संपल्याचं जाहीर केलं. महासाथ संपली, विषाणू संपला नाही. तो दरवर्षी येणाऱ्या साध्या, मोसमी फ्लूच्या विषाणूंपैकी एक होऊन बसला. आपण मात्र भीतीबरोबर तपासणीही गुंडाळून ठेवली. ‘स्वाइन फ्लूची टेस्ट’ ही रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यावर करायची गोष्ट झाली. जेव्हा नको होती तेव्हा सगळ्या गावानं केली. आणि जेव्हा हवी, तेव्हा आठवत नाही.

शंभरांत अठ्ठावीस

डॉक्टरांना नुसतं तपासून फ्लू ओळखता येत नाही का? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दिलं आहे. २००० ते २००४ या काळात तिथल्या तीन भागांत, श्वसनाचा त्रास किंवा ताप घेऊन आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे स्वॅब संशोधकांनी स्वतंत्रपणे घेतले. त्यांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी काय निदान केलं, तेही पाहिलं. प्रयोगशाळेत ज्यांना फ्लू सिद्ध झाला, त्यांपैकी रुग्णालयात दाखल असलेल्या फक्त २८ टक्के मुलांच्या कागदांवर डॉक्टरांनी फ्लू हे निदान लिहिलं होतं. बाह्यरुग्ण विभागात तर १७ टक्केच. सुसज्ज रुग्णालयांत, प्रशिक्षित डॉक्टरांच्या हाताखाली हे घडत होतं.

यात डॉक्टरांचं अज्ञान नाही. मोठा माणूस सांगतो, अंग मोडून आलंय, डोकं फुटतंय. तान्हं मूल काय सांगणार? त्याला नुसता ताप येतो, ते दूध सोडतं, छाती घरघरते, कधी तापात झटका येतो, कधी उलट्या-जुलाबच होतात. आणि अगदी असंच चित्र आरएसव्ही आणि इतर अर्धा डझन विषाणू निर्माण करतात. स्टेथोस्कोपला विषाणूंची नावं ऐकू येत नाहीत.

आजार मात्र किरकोळ नाही. २०१८ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालच्या सुमारे ८ लाख ७० हजार मुलांना फ्लूमुळे झालेल्या छातीच्या संसर्गासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

काडीची किंमत

तपासणी म्हणजे काय, हे करोनानं २०२० नंतर आपल्याला घरबसल्या शिकवलं. नाकातून मागे घशाच्या तोंडापर्यंत मऊ काडी फिरवायची. बाळ दहा सेकंद रडतं. काडी कृत्रिम धाग्याची हवी, साधा कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही. ती खास द्रवाच्या कुपीत घालून बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची.

पुढे दोन वाटा. एक झटपट तपासणी, पट्टीवरची. उत्तर दहा-पंधरा मिनिटांत. ती ‘फ्लू आहे’ म्हणाली तर साथीच्या दिवसांत बहुधा खरंच असतो. पण ‘नाही’ म्हणाली तर तिच्यावर विसंबू नये. फ्लू असलेल्या शंभरांपैकी तीस ते पन्नास जण तिच्या नजरेतून सुटतात. दुसरी वाट आरटी-पीसीआरची. ती कितीतरी भरवशाची. पण नमुना लांब पाठवायचा असेल तर वेळ खाते. गावात यंत्र असेल, तर तेच काम काही तासांत होतं. आणि मूल व्हेंटिलेटरवर असेल, तर नाकातला नमुना कोरा निघूनही फुप्फुसात विषाणू असू शकतो. तेव्हा श्वासनळीतला स्राव तपासावा लागतो.

मग काय खोकणाऱ्या प्रत्येक पोराच्या नाकात काडी घालायची? मुळीच नाही. आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचना यावर अगदी स्वच्छ आहेत. सौम्य ताप, खोकला, घसादुखी म्हणजे ‘ए’ गट : तपासणी नको, घरी विश्रांती. तीव्र ताप असलेले, तसंच पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वृद्ध, मधुमेह-दम्याचे रुग्ण अशांचा आजार म्हणजे ‘बी’ गट : तपासणी नको, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं विषाणूविरोधी औषध. आणि धाप लागलेले, ग्लानीत गेलेले, ओठ-नखं निळी पडलेले, किंवा ताप उतरत नाही, खाणंपिणं सुटलंय, झटके येताहेत अशी लहान मुलं म्हणजे ‘सी’ गट : लगेच दाखल करा, तपासणी करा आणि औषध सुरू करा.

म्हणजे आमचं बाळ ‘सी’ गटात होतं. नियम आहे, प्रयोगशाळा आहेत, काडीही आहे. सवय नाही.

‘‘त्यानं फरक काय पडणार?’’

ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना मी हे सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘तुमचं बरोबर आहे. पण माझी बाजू ऐका. आईबाप आधीच पैशांच्या काळजीत असतात. अहवाल यायच्या आत मूल सुधारलेलं असतं. आणि लहान बाळांच्या घरघरीत सरसकट विषाणू शोधत बसू नका, असं आमची पुस्तकंच सांगतात. ज्या उत्तरानं इलाज बदलणार नाही, तो प्रश्न कशाला विचारायचा?’’

मुद्दा रास्त आहे. दहा-वीस विषाणूंची नावं एका फटक्यात सांगणाऱ्या महागड्या तपासण्या निघाल्या आहेत, त्या प्रत्येक पोराला करणं ही उधळपट्टीच. पण फ्लूची गोष्ट वेगळी आहे, हे त्यांनीही मान्य केलं. या उत्तरानं तीन गोष्टी बदलतात.

पहिली म्हणजे औषध. बहुतेक सर्दी-खोकल्याच्या विषाणूंवर औषधच नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर आहे. अगदी तान्ह्या बाळालाही वजनाप्रमाणे मात्रा ठरवून देता येतं. ते रामबाण नव्हे. पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. म्हणूनच दाखल झालेल्या मुलात फ्लूची दाट शंका असेल तर स्वॅब घ्यावा आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावं, हा नियम. वहिनींच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं होतं. अहवाल येईपर्यंत औषध अडवून ठेवणं ही तपासणी न करण्याइतकीच मोठी चूक.

दुसरी म्हणजे अँटिबायोटिक. विषाणूंवर त्यांचा काही उपयोग नसतो. फ्लूच्या पाठोपाठ जंतूंचा न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे ते कधी लागतातही. तो निर्णय डॉक्टरांचाच, आपण घरी बसून घ्यायचा नाही. पण नाव कळलं, मूल सुधारत असलं, तर इंजेक्शनं थांबवायला डॉक्टरांना आधार मिळतो. नाव नसलं की भीतीपोटी पाचही दिवस पूर्ण होतात.

तिसरी म्हणजे शेजारची खाट. फ्लूचा विषाणू खोकल्या-शिंकण्यातून आणि हातांवरून पसरतो. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत आजार दिसू लागतो. मोठ्यांपेक्षा लहान मुलं तो जास्त दिवस पसरवतात. बाळाला फ्लू आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं, तर खाट लांब हलवली असती, सिस्टरांनी मास्क बांधला असता. मधुमेही आजीला पाच रात्री उशाशी बसू दिलं नसतं. आणि त्या चिमुरडीची आई पिशव्या भरून वेळेवर घरी गेली असती. कदाचित.

आपण काय करायचं?

आपण डॉक्टर नाही. पण प्रश्न विचारू शकतो. धाप, ताप आणि खोकल्यासाठी मूल दाखल झालं की पहिल्याच राउंडला नम्रपणे विचारावं : हा फ्लू असू शकतो का? स्वॅब घ्यायचा का? औषध आताच सुरू करायचं का? शेजारच्या मुलांना धोका आहे का? घरात कुणी आजारी असलं तर तेही आपण होऊन सांगावं. चार वाक्यांचं काम आहे. चांगल्या डॉक्टरला प्रश्नांचा राग येत नाही.

आणि दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून लस. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, त्यामुळे आपल्यालाच लक्षात ठेवावी लागते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढे दरसाल एक. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लसही बदलते. ती कशी बदलायची हे ठरतं जगभर घेतलेल्या अशाच स्वॅबांवरून. आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात, तेव्हा लस उन्हाळ्यात, शाळा उघडण्याआधी उरकावी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. त्याच्या आईनं गरोदरपणी घेतली तर तिची ढाल बाळालाही मिळते. आणखी एक : तापात मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका. फ्लूमध्ये त्यानं यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

परवा वहिनींकडे गेलो होतो. बाळ आता घरभर दुडदुडतं. वहिनींनी कपाटातून त्याची फाइल काढून दाखवली. डिस्चार्ज कार्डावर ‘निदान’ या शब्दापुढे जे इंग्रजी लिहिलं होतं, त्याच्याखाली त्यांनी पेन्सिलीनं आपल्या शाळेतल्या वळणदार अक्षरात एक ओळ जोडली होती : ‘बहुधा फ्लू. तपासला नाही.’ आणि खाली, शाईनं, फ्लूच्या लसीच्या दोन तारखा.

मी म्हटलं, ‘‘वहिनी, पेन्सिलीनं का लिहिलंत?’’

त्या म्हणाल्या, ‘‘खात्री नाही ना, भावजी. खात्री असती तर शाईनंच लिहिलं असतं.’’